गाडी नेमकी कुठे घसरली

ईडन प्रेरी, मिनेसोटा
रविवार, २२ जानेवारी १९८४

प्रिय संजीवराव,
स. न. वि. वि.

फोन करता आला असता, पण अशा गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या. तुम्ही गाड्यांच्याच लाइनमधले, म्हणून मेव्हण्याच्या नात्याने त्रास देतो आहे.

गेल्या गुरुवारी मी कारपूलने ऑफिसला गेलो होतो. दीपाला सर्दी होती, शाळेत पाठवली नव्हती. दुपारी विनीता तिला घेऊन लायब्ररीत गेली. संध्याकाळी घरी आलो तर म्हणाली, लायब्ररीच्या वळणावर बर्फावरून गाडी घसरली आणि उजवं चाक फुटपाथच्या कडेवर आपटलं. मी लगेच गाडी बाहेर काढून पाहिली. स्टिअरिंग उजवीकडे ओढतं. वळवताना पुढच्या चाकातून टक-टक आवाज येतो. गराजमध्ये उभी होती तिथे तेलाचं थारोळं.

शनिवारी मेकॅनिककडे नेली. तो म्हणतो, चाकाला धरून ठेवणारा कंट्रोल आर्म वाकला, धक्के झेलणारा स्ट्रट वाकला, चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सीव्ही जॉइंट गेला आणि ट्रान्समिशन ज्यावर बसतं ते माउंट फाटलं. एका फुटपाथने एवढं सगळं होतं? इंडियन माणूस दिसला की हे लोक काहीही सांगतात. मी चारही टायरना आतून खडूने खूण केली आहे, म्हणजे बदलता येणार नाहीत.

तुमचं मत सविस्तर कळवा. मी लिहिल्याचं विनीताला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. उगाच मनाला लावून घेईल.

एक विचारायचं होतं. अलीकडे तिचं तुम्हाला काही पत्र, निरोप? सहज विचारतो.

आपला,
प्रसन्न

*

ट्रॉय, मिशिगन
२७ जानेवारी १९८४

प्रिय प्रसन्नराव,
नमस्कार.

अहो, त्रास कसला! तुमचं पत्र मी लंच-अवरमध्ये लॅबमध्ये नेलं आणि आमच्या दोघा-तिघांना वाचून दाखवलं. आम्ही दिवसभर हेच करतो, नवे कोरे आर्म आणि ॲक्सल मशिनमध्ये घालून मोडायचे आणि कसे मोडले ते बघायचं.

तुमची शंका रास्त आहे. घसरलेली गाडी फुटपाथला बाजूने लागते. अशा वेळी आर्म आत दाबला जातो, चाकाच्या रिमला पोचा येतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ट्रान्समिशनचं माउंट फाटायला समोरून दणका लागतो, तोही चांगला. तेव्हा त्या मेकॅनिकला एकच प्रश्न विचारा: आर्म आत वाकलाय की मागे? आत असेल तर फुटपाथ. मागे असेल तर चाक कशात तरी सरळ जाऊन धडकलंय. आणि शक्य झालं तर बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली झोपा. माणूस विसरतो, लोखंड विसरत नाही, असं आमचा बॉस म्हणतो.

विनीताचं पत्र दिवाळीनंतर नाही. रागावली आहे की काय? तिला म्हणावं, दादाला दोन ओळी टाक.

इकडेही थंडी मरणाची.

तुमचा,
संजीव

ता. क. पद्मिनी विचारते आहे, विनीताला आणि दीपाला कुठे लागलं का? तुम्ही लिहिलं नाहीत.

*

ईडन प्रेरी
रविवार, ५ फेब्रुवारी १९८४

प्रिय संजीवराव,
स. न. वि. वि.

तुमचा प्रश्न अचूक निघाला. आर्म मागे वाकला आहे. मी गाडी दुरुस्त न करता घरी ओढून आणली आहे. दुरुस्त केली की पुरावा गेला.

काल दिवसभर गाडीखाली होतो. उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला मक्याची वाळलेली पानं आणि ताटांचे तुकडे अक्षरशः ठासून भरले आहेत. घर ते लायब्ररी ह्या रस्त्यावर मक्याचं शेत नाही, सगळी घरं आणि पार्किंग लॉट. पुढच्या बंपरखाली साखळीचे ओरखडे आहेत, जणू कोणीतरी ओढून काढली. मागच्या स्प्रिंगजवळ रबराचे गोळे असतात ना, तेही दोन्ही फुटले आहेत. मागचं ह्याच्याशी काय संबंध ते मला उमगत नाही.

विनीताला विचारलं, पानं कुठून आली. म्हणाली, वाऱ्याने आली असतील. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत फोन करून त्या दुपारी कोण ड्यूटीवर होतं ते विचारलं, पण ते अशी माहिती देत नाहीत. समोरच्या सीमावहिनींना विचारलं, आमचं गराज त्या दिवशी किती वाजता उघडलं. म्हणाल्या, लक्ष नव्हतं. बायका बायकांचं सांभाळून घेतात.

तुम्हाला ह्यावरून काय दिसतं ते स्पष्ट लिहा. माझी भीड बाळगू नका.

पद्मिनीवहिनींना सांगा, दोघी ठीक आहेत. विनीताचा खांदा दुखतो म्हणते, पण स्वयंपाकपाणी सगळं करते.

आपला,
प्रसन्न

*

ट्रॉय
१० फेब्रुवारी १९८४

प्रिय प्रसन्नराव,

तुम्ही आमच्या लॅबमध्ये यायला हवं होतं! काय निरीक्षण आहे. मी कागदावर चित्र काढून बघितलं आणि आता माझ्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं आहे.

गाडी हायवेच्या वेगात होती. गावातल्या रस्त्यावर असा दणका बसत नाही. चालवणाऱ्याने घाबरून ब्रेक दाबला, मागची बाजू फिरली आणि गाडी उजवीकडे रस्ता सोडून खाली उतरली. कडेला चर असणार. उजवं चाक चराच्या पलीकडच्या काठावर सरळ आदळलं, तिथेच आर्म मागे गेला आणि माउंट फाटलं. तशीच पुढे जाऊन गाडी मक्याच्या शेतात थांबली. नंतर कोणीतरी साखळी लावून ओढली, बहुधा ट्रॅक्टरने. आणि ती मागची रबरं! त्यांचाच तर खरा संबंध आहे. ती फुटली ह्याचा अर्थ मागे भरपूर वजन होतं. रिकाम्या गाडीत ती फुटत नाहीत.

माझा निष्कर्ष ऐका. विनीताची गाडी फुटपाथला हलकीच लागली असेल, तुम्ही पाहिलेली टक-टक आणि तेल तेवढ्यानेच. तुम्ही ती मेकॅनिककडे सोडलीत, आणि त्याच्याकडच्या पोरांनी मागे तीन-चार दोस्त भरून ती गावाबाहेर उडवायला नेली. असे प्रकार इथेही झालेत. बिनधास्त पोलिसात तक्रार करा. लागल्यास मी इंजिनिअर म्हणून सही करून देतो.

पद्मिनी म्हणते, मी पोलीस झालोय. मला मात्र बऱ्याच दिवसांनी मजा आली, खोटं कशाला बोलू.

तुमचा,
संजीव

*

मिनिअ‍ॅपोलिस
१७ फेब्रुवारी १९८४

ती. दादास,
विनीताचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी शीला गजभिये ह्यांच्या घरी बसून लिहिते आहे. उत्तर पाकिटावरच्या त्यांच्याच पत्त्यावर पाठव. घरी अजिबात नको.

तुझं पत्र प्रसन्नने परवा जेवताना मोठ्याने वाचलं. आधीचंही तेव्हाच काढून वाचलं, पहिल्यापासून. "हायवेच्या वेगात होती" इथे थांबला आणि मला म्हणाला, "भाजी वाढ." मी वाढली. मग पुढे वाचलं. "मागे भरपूर वजन होतं." कागदाची नीट घडी केली, खिशात ठेवली आणि दीपाकडे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "व्हेअर डिड यू अँड मॉमी गो दॅट डे, बेटा?"

दीपाने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटात बघत म्हणाली, "आय वॉज स्लीपिंग, डॅडी."

ती झोपली नव्हती, दादा. गाडी खाली उतरली तेव्हा ती इतक्या जोरात किंचाळली की अजून माझ्या कानात आहे. सात वर्षांची आहे. तिला खोटं बोल म्हणून मी कधीच सांगितलं नव्हतं. ती आपणहून शिकली.

तू सगळं बरोबर ओळखलंस. चर, पलीकडचा काठ, मका, ट्रॅक्टर. मेकॅनिकच्या पोरांचं तेवढं चुकलं. गाडी मी चालवत होते. मागे आमच्या दोघींच्या बॅगा होत्या, आईने दिलेलं शिलाई मशीन होतं आणि दीपाची पांघरुणं. सकाळी प्रसन्न कारपूलमध्ये बसल्यावर निघाले. विस्कॉन्सिनमध्ये बरीच आत गेले होते. पुलावर खाली बर्फ आहे हे दिसलंच नाही. शेताचा मालक म्हातारा होता, त्याने गाडी ओढून दिली आणि त्याच्या बायकोने दीपाला गरम सूप दिलं. ती म्हणाली, आज इथेच राहा. मी घाबरले, चाकातून तसा आवाज येत असताना हळूहळू परत आले. प्रसन्न यायच्या आत बॅगा उघडून एकेक कपडा जागच्या जागी ठेवला.

कुठे निघाले होते ते तू तर्क करून सांगितलं नाहीस. तुझ्याकडे निघाले होते. ट्रॉयला.

का, ते एका पत्रात मावणार नाही. तो मारत नाही. आवाजही चढवत नाही. दिवसातून चार वेळा ऑफिसातून फोन करतो आणि मी दुसऱ्या रिंगला उचलला नाही तर का, ते सांगावं लागतं. त्या दिवशी रिसीव्हर नीट बसला नव्हता असं सांगितलं, आणि आज दोन फोनच्या मधल्या वेळात शीलाताई घेऊन आल्या. फोनचं बिल आलं की एकेका नंबरवर बोट ठेवून विचारतो. म्हणून तुला फोन करत नव्हते. पत्र पोस्टात टाकायलाही तोच नेतो, आणि पाकीट बंद करू नकोस म्हणतो, मलाही दोन ओळी लिहायच्यात. दिवाळीनंतर मग मी लिहायचंच सोडलं. सुरुवातीला वाटायचं, परक्या देशात माणूस असा होतो. ऑफिसात त्याच्या मागून आलेल्यांना वर घेतलं, त्याचं मनाला लागलं असेल. आता काहीच वाटत नाही. फक्त तो खोलीत आला की मी काय करत होते ते आठवायला लागते.

शीलाताई नागपूरच्या. दीपाच्या कानाचं दुखणं निघालं तेव्हा हॉस्पिटलात नर्स म्हणून भेटल्या. मंडळातल्या सगळ्यांकडे प्रसन्नचं जाणं-येणं आहे. ह्यांच्याकडे तो जेवायला येत नाही. का, ते तुला कळेल. त्यामुळे मी इथे आले असेन हे त्याच्या डोक्यात यायचं नाही.

लागलं का, असं वहिनीने विचारलं होतं. तिला सांग, खांदा दुखावला होता, आता बरा आहे. तुझ्या दोन पत्रांत तेवढी एकच ओळ माझ्यासाठी होती.

तुझी,
विनू

*

ट्रॉय
२२ फेब्रुवारी १९८४

प्रिय प्रसन्नराव,

माझ्या गेल्या पत्रात मोठीच चूक झाली. इथल्या सीनिअर लोकांना विचारलं. त्यांच्या मते आर्म आधीच गंजून कमजोर झाला असेल तर फुटपाथनेसुद्धा मागे वाकू शकतो. उत्तरेकडे रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने असं होतं. मक्याची पानं एखाद्या ट्रकमधून सांडलेली असणार. मी उत्साहाच्या भरात फार लांबपर्यंत गेलो. कृपया ते पत्र फाडून टाका आणि गाडी दुरुस्त करून घ्या.

तुमचा,
संजीव

*

ट्रॉय
२२ फेब्रुवारी १९८४

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

काय लिहू? पत्र वाचल्यापासून मला जेवण जात नाही. मला वाटत होतं, मी एका गाडीबद्दल लिहितो आहे.

प्रसन्नरावांना आजच दुसरं पत्र टाकलं आहे, त्यात माझं आधीचं सगळं चुकलं असं म्हटलं आहे. त्याने ते थोडे शांत होतील. आमची एक टेस्ट मार्चच्या मध्यापर्यंत चालू आहे, ती सोडून निघता येत नाही. संपली की त्याच शनिवारी मी येतो आणि तुम्हा दोघींना घेऊन जातो. तोवर काही बोलू नकोस. पद्मिनीने वरची खोली तयार करायला घेतली आहे. टेस्टचं ऐकून ती माझ्याशी बोलत नाही, हेही सांगतो.

दादा

*

ईडन प्रेरी
२९ फेब्रुवारी १९८४

संजीवराव,

तुमची शेवटची दोन्ही पत्रं समोर ठेवून लिहितो आहे. एक खरं बोलणाऱ्या माणसाचं आहे, दुसरं कोणीतरी सांगितल्यावर लिहिणाऱ्याचं. गंजाचं म्हणाल तर गाडी दोन वर्षांची आहे आणि मी दर आठवड्याला खालून धुतो. तुम्हाला कोणी सांगितलं, कधी आणि कुठून, ते मी शोधतो आहे.

आता तुम्ही मला शिकवलंत तसं मीही तुम्हाला थोडं सांगतो. गाडीचा मीटर मी दर रविवारी बघतो. ती लायब्ररीला गेली नव्हती हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. मेकॅनिक खरं बोलतोय हेही मला माहीत होतं. तुम्हाला पत्र लिहिलं ते तुम्ही सामील आहात का, हे पाहण्यासाठी. ती कोणाकडे जाईल तर तुमच्याकडेच. तुम्ही एवढ्या आनंदाने उत्तर दिलंत की माझी खात्री पटली, ह्यांना काहीच ठाऊक नाही. तेव्हा मी तुमच्याबद्दल निश्चिंत होतो. आता नाही.

तुम्ही म्हणाल, हा माणूस विकृत आहे. मी माझ्या घरात कोणाला काही कमी पडू दिलेलं नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. संध्याकाळी घरी येतो तेव्हा घरात माणसं असावीत एवढंच मागतो. रोज जिना चढताना मला वाटतं, वर कोणी नसेल. लग्न झालं तेव्हापासून वाटतं. आणि बघा, माझंच खरं निघालं.

यायचं तर अवश्य या. घर तुमचंच आहे.

प्रसन्न

*

मिनिअ‍ॅपोलिस
रविवार, ८ एप्रिल १९८४

ती. दादास,
सा. न.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तू पुन्हा पुन्हा विचारतोस, "मी तुला न्यायला आलो असताना तू न सांगता का गेलीस?" उत्तर द्यायला उशीर केला, कारण लिहिताना राग येत होता. आज तेवढा नाही.

त्या शनिवारी तू आलास. मी तुला दारात पाहिलं आणि रडू आवरलं. वर पलंगाखाली दोन्ही बॅगा भरलेल्या होत्या. प्रसन्नने तुझा कोट घेतला, हसून बोलला, तुला चहा दिला. तू माझ्याकडे पाहून मान हलवलीस, म्हणजे थोडं थांब. मग तो म्हणाला, "संजीवराव, आलाच आहात तर एकदा डोळ्यांनी बघून घ्या." आणि तुम्ही दोघं गराजमध्ये गेलात.

मला वाटलं, पाच मिनिटं. मी पोळ्या करायला घेतल्या. कणीक संपली तरी तुम्ही येईनात. म्हणून गराजचं दार हळूच उघडलं. गाडी जॅकवर होती आणि खालून दोघांचे पाय बाहेर आलेले. तुझे ते पिवळे मोजे. तू सांगत होतास, "हे बघा, इथून क्रॅक सुरू झालाय." तो म्हणत होता, "अच्छा, म्हणजे आधी हा गेला आणि मग जॉइंट." तुमचा आवाज अगदी मित्रांसारखा होता.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, की त्याला गोडीगुलाबीने वळवायचं होतं, म्हणून गेलो. असेलही. पण मी तिथे उभी राहिले तेव्हा मला कळलं, की हा माणूस तुला माझ्याबद्दल काहीही पटवू शकेल, फक्त त्याने गाडीखालून सुरुवात केली पाहिजे. मग तू मला ट्रॉयला नेशील, आणि पंधरा दिवसांनी त्याचं एक पत्र येईल, शांत, मुद्देसूद. आणि तू ते वाचून विचारात पडशील. तुझा हा स्वभाव मला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्यात कपट नाही. कोणी नीट मांडून सांगितलं की तुला ते खरं वाटतं.

मी दार लावलं आणि शीलाताईंना फोन केला. त्यांची ड्यूटी तेव्हाच संपली होती. त्या कोपऱ्यावर गाडी उभी करून थांबल्या. मी पुढच्या दाराने दीपाला आणि बॅगा घेऊन बाहेर पडले. मशीन उचलवलं नाही, ते राहिलं. नंतर तू त्याच्यासमोर उभा राहिलास, मला शोधायला पोलीस बोलवू दिले नाहीस आणि जाताना मशीन भांडून घेऊन गेलास, हे सीमावहिनींनी सांगितलं. ते मी विसरणार नाही.

इथलं सांगते. एका दुकानात कपडे कमी-जास्त करून देण्याच्या काउंटरवर लागले आहे. तिथलं मशीन वापरायला चांगलं आहे, पण माझ्या हाताला आईचंच बसतं. वकीलबाई भेटल्या. दीपाला प्रसन्नने रविवारी भेटावं असं ठरलं आहे आणि तो वेळेवर येतो. एकदा शीलाताईंनी त्याला खाली जाऊन चहा नेऊन दिला. त्याने कप हातात धरून ठेवला आणि गार झाल्यावर परत दिला. त्याचं काय होईल मला माहीत नाही. कधीकधी वाईट वाटतं. परत जावंसं मात्र वाटत नाही.

मेमध्ये वहिनीला घेऊन ये. खोली लहान आहे, पण झोपायची सोय होईल.

मी मोकळी झाले, असं तुला लिहावंसं वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. परवा बस चुकली आणि यायला अंधार पडला. शीलाताई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं, "उशीर झाला का गं?" आणि मी बूटही न काढता दारातच सांगायला लागले, कोणती बस चुकली, पुढची कुठून घेतली, शेजारी कोण बसलं होतं, काय बोललं. त्या वळल्या आणि हातातला झारा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी गप्प झाले तेव्हा म्हणाल्या, "अगं, भात गरम करायचा का, एवढंच विचारत होते."

तुझी,
विनू